वायर दिसता कामा नये

आमची ताई दात करते. खरे नव्हेत, खोटे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतात, आणि तो साचा पुढे ज्या प्रयोगशाळेत जातो तिथे खिडकीजवळच्या टेबलावर ताई बसलेली असते. मेणात हिरडी कोरायची, दात बसवायचे, घासायचे, पुन्हा बघायचे. लग्नाच्या आधीपासून ती हेच करते आहे. तिला खरं तर पुतळे घडवायला शिकायचं होतं. त्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, म्हणून तोवर काहीतरी करावं अशा विचाराने ती मेणाच्या या कामाला लागली. ते ‘तोवर’ अजून चालूच आहे.

मी एकदा तिला विचारलं होतं, “तुझी कवळी चांगली झाली हे तुला कळतं कसं?”

“कोणी काही बोललं नाही की कळतं,” ती म्हणाली. “समोरचा माणूस म्हणाला की काय सुंदर दात आहेत हो तुमचे, की समजायचं, चुकलं.”

या कामाने तिच्या डोळ्यांना एक खोड लागली आहे. तिला सांधा दिसतो. कुठेही दिसतो. भिंतीला दोन डब्यांतला रंग लागला असेल तर तो कुठे संपला आणि कुठे सुरू झाला ते ती दारातूनच सांगते. कोणाच्या घरी गेलो की चहा येईपर्यंत ती माझ्या कानाशी लागते, “समोरचे वरचे दोन बसवलेले आहेत. घाईत केलेत.” आणि मग पुढचा तासभर मला त्या घरच्या बाईंच्या तोंडाकडे बघवत नाही.

भावजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांधा सोडाच, भिंतसुद्धा कधीकधी दिसत नाही. ते गाडी चालवायला शिकवतात. शिकणारा माणूस खांबावर गाडी घालत असला तरी ते शांतपणे “हळू, हळू, जमतंय” म्हणतात, आणि आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवतात. गावात त्यांच्याइतका शांत शिकवणारा माणूस नाही, असं लोक म्हणतात. पण हाच शांतपणा ते घरीही आणतात, आणि घरातला ब्रेक ताईच्या पायाखाली असतो. त्यांनी हातात घेतलेलं कुठलंही काम झपाट्याने सुरू होतं, बहुतेक होतं, आणि शेवटच्या वितीवर येऊन घोडं पेंड खातं. नळ बदलला, पण भोवतीची फट बुजवायची राहिली. पडद्याचा दांडा बसवला, पण एका बाजूला कलला. “पडदा सरकतोय ना?” असं त्यांचं म्हणणं. कामाचा शेवटचा भाग त्यांना दिसतच नाही आणि ताईला तेवढाच दिसतो, असा हा संसार आहे. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. त्यामुळे मला सगळं दिसतं, आणि न दिसलेलं ऐकू येतं.

तिसरं माणूस म्हणजे ताईच्या सासूबाई. त्यांचं लोकरीचं दुकान होतं. वयामुळे दुकान बंद केलं तेव्हा उरलेली लोकर घरी आली, आणि लोकरीबरोबर दुकानातला रॅकही आला. जुन्या जाड लाकडाचा, छताला टेकेल एवढा उंच, आडव्या फळ्यांचा. बैठकीच्या खोलीची एक अख्खी भिंत त्याने खाल्ली. ताईने त्याला हरकत घेतली नाही. रॅक चांगलाच होता. त्याचे सांधे नीट होते.

त्या रॅकसमोर खुर्ची टाकून सासूबाई दिवसभर विणत बसायच्या. प्रसूतिगृहातल्या बाळांसाठी टोपडी. पुढे त्यांच्या नजरेत काहीतरी बिघडलं. कडेकडेचं दिसायचं, पण जिथे रोखून बघावं तिथेच पुसल्यासारखं व्हायचं. “फळ्यावर मधोमध कोणी बोट फिरवलंय ग,” असं त्या मला सांगायच्या. हाताला सुया पाठ होत्या, त्यामुळे विणकाम थांबलं नाही. पण रंग चुकायला लागले. एकदा अर्धं गुलाबी, अर्धं तपकिरी असं टोपडं गेलं. तिथल्या नर्सबाईंनी फार गोड आवाजात विचारलं, “ही नवीन फॅशन आहे का हो?” सासूबाई घरी येऊन जेवल्या नाहीत.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण उजेड वाढवा. वरचा दिवा पुरणार नाही, वस्तूच्या अगदी जवळ उजेड पाहिजे. म्हणून ठरलं की रॅकच्या प्रत्येक फळीखाली एलईडीची पट्टी लावायची.

“मी करतो,” भावजी म्हणाले. “त्यात काय? चिकटवायची आणि जोडायची.”

ताई कामावर असताना त्यांनी एका दुपारीच ते केलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी तिथेच होते. दार उघडून आत येताच ती थांबली. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिने खाली ठेवली नाही.

“हे काय?”

“लाइट,” भावजी म्हणाले.

“लाइट दिसतोय मला. हे काय?”

“ती वायर.”

“ती का दिसतेय?”

“वायर आहे म्हणून दिसतेय.”

आता खरं सांगायचं तर ते दिसत होतं वाईटच. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर पांढऱ्या वायरी झोकांडत उतरल्या होत्या. कुठे ताणलेल्या, कुठे पोट सुटल्यासारख्या लोंबणाऱ्या. खाली येऊन सगळ्यांचा एक गुंता झाला होता, त्यातून एक जाड वायर बटणापर्यंत गेली होती, आणि अडॅप्टर रॅकच्या कडेला अधांतरी लटकत होता.

“अतिदक्षता विभागातला पेशंट वाटतोय,” ताई म्हणाली. “नाकातोंडात नळ्या घातलेला.”

पण तेवढ्यात सासूबाई उठून रॅकजवळ गेल्या, फळीत तोंड घातलं, आणि ओरडल्या, “अगं, मोरपिशी! हा बघ मोरपिशी! मी मेली याला इतके दिवस हिरवा समजत होते.” एकेक गुंडा काढून त्या उजेडात धरत होत्या आणि त्याचं नाव घेत होत्या. ताईने पिशवी ठेवली आणि ती तोंड धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवसापासून मात्र सुरू झालं.

“एवढं छान लाकूड, आणि त्यावर हे जानवं,” ती सकाळी म्हणायची. “वायर दिसता कामा नये,” ती संध्याकाळी म्हणायची. भावजी म्हणायचे, “लपवतो ना, रविवारी.” रविवारी त्यांनी तपकिरी चिकटपट्टी आणली आणि वायरी उभ्या फळ्यांवर चिकटवल्या. लाकूड एका तपकिरी रंगाचं, पट्टी दुसऱ्या तपकिरी रंगाची. आधी नुसती वायर दिसत होती, आता वायर आणि पट्टी दोन्ही दिसायला लागलं. शिवाय उकाड्याने पट्टी सुटायची. ताई जेवायला बसली की मागून ‘फर्र’ असा आवाज यायचा आणि वायर हळूच बाहेर डोकावायची. भावजी उठून अंगठ्याने दाबून यायचे. “बसली,” म्हणायचे. पुन्हा फर्र.

शेवटी सुतार आला. चांगला माणूस, बोलका. त्याने रॅकवर टकटक केलं, “अहाहा, असं लाकूड आता मिळत नाही,” म्हणाला आणि मागच्या बाजूने वायर काढायचं ठरवलं. त्यासाठी रॅक भिंतीपासून ओढायला पाहिजे, म्हणून लोकर उतरवायला पाहिजे. ती अंथरुणांवर, खुर्च्यांवर, खिडकीत, जिथे जागा मिळाली तिथे ठेवली. सासूबाईंच्या डोक्यात कुठला रंग कुठल्या फळीवर याचा नकाशा होता, तो त्या दिवशी पार विस्कटला. त्या मधे उभ्या राहून प्रत्येकाला सांगत होत्या, “तो तिकडे नको, तो तिकडे नको,” आणि सगळे “हो हो” म्हणत तिकडेच ठेवत होते.

सुताराने मागच्या पाठीला प्रत्येक फळीखाली भोक पाडलं. भोक म्हणजे केवढं? त्यातून माझा अंगठा सहज जात होता.

“एवढं मोठं कशाला?” ताईने विचारलं.

“उद्या जाड वायर घालावी लागली तर?”

“कोण घालणार आहे जाड वायर?”

“ते मी कसं सांगू? ते वायरमनचं काम.”

वायरमन आला. त्याने भोकांकडे पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. तो आवाज डॉक्टर रिपोर्ट बघताना काढतात तसला. “भोकं कशाला पाडली? उभ्या फळीत खाच पाडायला पाहिजे होती. कोणी सांगितलं त्याला?” ताईने सुताराला फोन लावला. सुतार म्हणाला, “त्यांनी आधी येऊन खुणा करून द्यायच्या असतात.” ताईने वायरमनकडे पाहिलं. वायरमन म्हणाला, “आधी मला बोलावलं कुठे?” मग फोन वायरमनने घेतला, आणि दोघे एकमेकांना अतिशय आदराने ‘साहेब, साहेब’ म्हणत भांडले. तू राणी, मी राणी, कोण भरील पाणी! तेवढे दिवस रॅक खोलीच्या मध्यावर उभा. जाताना सगळ्यांना तिरकं होऊन जावं लागायचं. भावजी लोकरीच्या ढिगाऱ्यात सोफ्यावर झोपायचे, आणि सकाळी त्यांच्या केसांत तंतू असायचे.

अखेर वायरमनने त्याच भोकांमधून वायरी मागे ओढल्या, अडॅप्टर रॅक आणि भिंत यांच्यामध्ये कोंबला, आणि रॅक मागे ढकलून दिला. समोरून बघितलं तर वायरी गेल्या होत्या. मोठी भोकं तेवढी राहिली, पण त्यांच्यापुढे लोकर येणार होती. ताई खालच्या ओठावर दात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “ठीक.” तिचं ‘ठीक’ म्हणजे दुसऱ्याचं ‘वाईट’ असतं, पण सगळे दमले होते.

आठवडाही गेला नाही आणि दिवे लुकलुकायला लागले. ताईने रॅकच्या मागे हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. अडॅप्टर तव्यासारखा तापला होता. वारा मिळायला जागाच नव्हती, आणि समोर सगळी लोकर.

“पेटलं असतं घर!” ती ओरडली. “वर लोकर, खाली निखारा! हे लपवणं म्हणतात तुमच्यात?”

“माझ्यात नाही, वायरमनच्यात,” भावजी म्हणाले. हे त्यांनी म्हणायला नको होतं.

रॅक पुन्हा ओढला. लोकर पुन्हा अंथरुणांवर गेली. सासूबाईंनी या वेळी काहीच सांगितलं नाही. त्या गॅलरीत जाऊन बसल्या.

आणि मग ताईने रजा टाकली. आजवर तिने स्वतःच्या तापासाठी टाकली नव्हती, ती रॅकसाठी टाकली. “कोणी मधे येऊ नका,” म्हणाली, आणि प्रयोगशाळेतली बारीक हत्यारं रुमालात गुंडाळून घरी आणली. मला मात्र बोलावलं, कारण पट्टीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं.

मी ताईला तिच्या टेबलावर काम करताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. आधी तिने मोठी भोकं भुसा आणि सरस कालवून बुजवली. मग उभ्या फळ्यांच्या मागच्या कडेला पटाशीने एक अरुंद खाच कोरली, वायर बसेल एवढीच, केसभरही जास्त नाही. एलईडीची पट्टी जिथे तांब्याची खूण असते तिथेच कापायची, कोपऱ्यावर दुमडायची नाही, तिथे छोटी वायर डाख देऊन जोडायची, अधिक-उणे सांभाळायचं, हे सगळं तिने आधी वाचून काढलं होतं. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेखाली अॅल्युमिनियमची बारीक पन्हळ बसवली, तीत पट्टी, वर दुधी झाकण, म्हणजे दिव्यांचे ठिपके डोळ्यांत जाणार नाहीत. वायर खाचेत दाबून वर लाकडाचीच बारीक चीप बसवली. तिचा रंग जुळेना, तेव्हा रंगांच्या पुड्या काढून ती एका बशीत कालवत बसली. थोडा पिवळा, थोडा तांबडा, काळा सुईच्या टोकावर. लावायची, वाळू द्यायची, मान वाकडी करून बघायची, पुसायची. अडॅप्टरसाठी तळाशी एक खोका केला, त्याला मागून वाऱ्यासाठी चिरा पाडल्या. आणि हे सगळं करताना ती चिडत नव्हती. पुटपुटत नव्हती. मला तर वाटतं ती काहीतरी गुणगुणत होती. विचारलं असतं तर थांबली असती, म्हणून मी विचारलं नाही.

“आणि बटण?” मी म्हणाले.

“बटणसुद्धा दिसणार नाही,” ती म्हणाली. उजव्या उभ्या फळीच्या आतल्या अंगाला, लाकडाच्या पातळ पापुद्र्यामागे, तिने स्पर्शाने चालणारं बटण बसवलं. तिथे बोट टेकवलं की दिवे लागायचे. बाहेरून बघावं तर नुसतं लाकूड.

लोकर परत लागली. भावजी कामावरून आले, रॅकसमोर उभे राहिले, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, खाली वाकले.

“अगं, वायर कुठे गेली?”

ताईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. ती चहा टाकायला गेली. सासूबाईही म्हणाल्या, “छान झालं हो. फार कष्ट घेतलेस.” गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण पुढे एके दुपारी मी वर गेले तर सासूबाई अंधुक खोलीत विणत बसलेल्या. रॅकचे दिवे बंद.

“मावशी, लाइट लावू?”

“नको ग. डोळ्यांवर येतो.”

मी सोडून दिलं. पुन्हा एकदा गेले, तेव्हाही तसंच. त्यांच्या मांडीवर एक टोपडं होतं, त्याचा एक कान पिवळा आणि दुसरा पोपटी. मी तेही सोडून दिलं, कारण कानांचे दोन रंग मुद्दामही करतात लोक. पण ताई कुठली सोडते! तिने टोपडं हातात घेतलं, दारात नेऊन बघितलं. “आई, लाइट लावत नाही का तुम्ही?” “लावते की.” “मग हे?” “लक्ष नव्हतं ग.” ताईच्या कपाळाला आठी पडली ती उतरली नाही.

एके दिवशी प्रयोगशाळेतली वीज गेली म्हणून सगळ्यांना लवकर सोडलं. ताई घरी आली, किल्लीने दार उघडलं. सासूबाईंना ते ऐकू गेलं नाही. त्या रॅकजवळ उभ्या होत्या आणि उजव्या उभ्या फळीवरून हात फिरवत होत्या. वरून खाली, खालून वर. मधेच तळवा दाबायच्या, थांबायच्या, मान वर करून बघायच्या, पुन्हा दुसरीकडे दाबायच्या. असं बराच वेळ करून त्या खुर्चीत येऊन बसल्या आणि अंधारातच सुया हातात घेतल्या.

“काय शोधताय?” ताईने दारातूनच विचारलं.

सासूबाई दचकल्या. मग खोटं बोलायचं सुचलं नाही बहुतेक.

“वायर,” त्या म्हणाल्या.

“कसली वायर?”

“आधी लोंबायची ना ग, ती. खुर्चीतून हात वर केला की मधल्या फळीपाशी हाताला लागायची. ती धरून धरून खाली गेलं की बटण. डोळ्यांचं कामच नव्हतं. आता सगळं गुळगुळीत झालंय. कधी सापडतं, कधी नाही सापडत.”

हे मला ताईने नंतर सांगितलं. पण त्यापुढचं तिला सांगायची गरज पडली नाही, कारण खालच्या मजल्यावर मला स्वच्छ ऐकू आलं.

“मग सांगायचं नाही का! इतके दिवस अंधारात बसलात? मला का नाही सांगितलं?”

“तू रजा घेऊन केलंस. इतकं छान केलंस. कुठल्या तोंडाने सांगू की मला ते भिकार होतं तेच बरं होतं?”

“म्हणजे ज्याच्यासाठी केलं त्यालाच नको! रोग म्हशीला आणि औषध पखालीला!”

मी वर धावले. तोवर भावजीही जिना चढून आले होते. आत आले, काय झालं ते ऐकलं, आणि म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं का—”

“तुम्ही काहीही म्हटलं नव्हतं!” ताई गरजली. मग ती सोफ्यावर बसली. तिचा आवाज फाटला. “सगळं आयुष्य असंच माझं. नीट केलं की कोणाला दिसत नाही, आणि दिसलं की चुकलेलं असतं. आणि आता नीट करून, न दिसू देऊन, तरी चुकलेलंच!”

सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या. “मला तर तसंही काही दिसत नाही ग,” त्या म्हणाल्या. “माझ्यापुढे काय मोठं लपवलंस?” ताईला हसू आलं असतं, पण तिने येऊ दिलं नाही.

दोन-तीन दिवस घरात मोजकंच बोलणं चाललं. भावजींनी मधल्या काळात स्वतःच्या डोक्याने उपाय केला. शर्टाचं एक मोठं गुंडीबटण त्या जागेवर चिकटवलं, म्हणजे आईच्या हाताला लागेल. हाताला लागलं. पण त्याच्यावर बोट टेकवून दिवा लागेना, कारण मधे गुंडी. ताईने ती नखाने काढली, तर तिच्याबरोबर पॉलिशचा टवका निघाला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. भावजी म्हणाले, “मी खाली जाऊन गाडी पुसतो.”

मग एका सुटीच्या सकाळी ताईने सासूबाईंना खुर्चीत बसवलं. “आई, विणत बसा. मी सांगितलं की दिवा लावायला उठताय असा हात पुढे करा. शोधू नका, नुसता करा.” सासूबाई हात पुढे करायच्या, आणि जिथे बोटं टेकतील तिथे ताई खडूने खूण करायची. खुर्ची थोडी सरकवून पुन्हा. उभ्या राहून पुन्हा. खुणा एका ठिकाणी दाट झाल्या. तिथे, स्वतः कोरलेल्या, स्वतः रंग जुळवलेल्या त्या उभ्या फळीला तिने ड्रिल लावलं. मी डोळे मिटले. आवाज थांबल्यावर उघडले, तर ती भुसा फुंकत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

त्या भोकातून तिने बाहेर काढली ती बारीक पांढरी वायर नव्हे. कापडी वेष्टनाची, लालभडक, करंगळीएवढी जाड वायर. फळीच्या दर्शनी कडेने ती सरळ खाली आणली आणि शेवटाला खटका असलेलं भलंमोठं बटण लावलं. वायर लोंबू दिली नाही. ओळंबा धरून, सारख्या अंतरावर पितळी आकडे ठोकून, अगदी रेषेत बसवली. मात्र आकड्यांना एवढी ढील ठेवली की मूठ वायरीभोवती नीट वळेल. स्पर्शाचं बटण तिने काढून टाकलं आणि कागदात गुंडाळून खणात ठेवलं.

“बघा आता.”

सासूबाईंनी न बघता हात वर केला. वायर मुठीत आली. मूठ खाली सरकली. खट्. दिवे लागले.

“हां,” त्या म्हणाल्या. “हे बरंय. त्या आधीच्या बटणाला आवाजच नव्हता. लागला की नाही ते दुसऱ्याला विचारायचं.” मग थोडं थांबून, “रंग कुठला आहे वायरीचा? लाल वाटतोय.”

“लाल आहे.”

“दिसतोय मला. कडेने दिसतोय.”

त्यानंतर टोपड्यांना एकाच रंगाचे कान यायला लागले. प्रसूतिगृहातून मागणी वाढली, आणि सासूबाई ताईच्या मागे लागल्या की सगळ्यात वरच्या फळीला हात पुरत नाही, ती खाली घे. ताई म्हणते, “आई, आता त्या रॅकला हात लावला तर मी घर सोडून जाईन.” आजवर गेलेली नाही. फळीही खाली आलेली नाही, पण परवा मी तिला मापाची पट्टी घेऊन स्टुलावर चढलेली पाहिली.

तिचा खरा वैताग वेगळाच आहे. घरी कोणीही आलं की रॅकपाशी थांबतं. पाहुणे फळ्यांखालून वाकून बघतात, एवढा उजेड येतो कुठून म्हणून नवल करतात. मग त्यांची नजर त्या लाल वायरीवर जाते.

“एवढं सुंदर केलंत,” ते म्हणतात. “ही एकच वायर तेवढी लपवायची राहिली का?”

सुरुवातीला ताई सगळं समजावून सांगायची. सासूबाईंची नजर, खुर्ची, हात कुठे पोचतो, सगळं. पाहुणे मान हलवायचे आणि शेवटी म्हणायचे, “हो, पण दुसऱ्या बाजूने नेता आली असती.” आता ती सांगत नाही.

“हो,” म्हणते, “राहिली.”

आणि तेवढ्यात आतून भावजी हमखास म्हणतात, “मी रविवारी लपवतो म्हणालो होतो. हीच नको म्हणाली.”